घोडेगावातला बोनस: ८.३३ टक्क्यांचा हिशेब

वीस किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांना बोनस द्यावा लागतो. हा बोनस त्यांच्या वार्षिक वेतनाच्या किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के असतो. वर्ष तोट्यात गेले तरी किमान बोनस चुकत नाही. २५ सप्टेंबर १९६५ रोजी लागू झालेल्या बोनस प्रदान अधिनियमाने हा नियम घालून दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ या कायद्यातील बोनसच्या प्रकरणाने घेतली असली, तरी मूळ चौकट तीच राहिली आहे. प्रस्तुत लेखकाने घोडेगावातील एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून काम करताना ही चौकट वापरली, आणि तिच्यातून निसटण्याच्या वाटाही तेथेच पाहिल्या. पुढील विवेचन मुख्यतः त्या कामावर आधारलेले आहे.

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. तहसील, न्यायालय आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे आहे. मोठा बाजार मात्र मंचरला. त्यामुळे गावात पगारदार म्हटला की तो बहुधा सरकारी असतो, आणि नेमक्या त्याच वर्गाला बोनसचा कायदा लागू नाही. सरकारी खाती, स्थानिक संस्था, शिक्षणसंस्था आणि नफ्यासाठी न चालणारी रुग्णालये यांना कायद्याने वगळले आहे. अंगणवाडी सेविकेला दिवाळीत मिळणारी दोन हजार रुपयांची भाऊबीज भेट शासन निर्णयाने येते; ती हक्काने मागता येत नाही. कायद्याच्या कक्षेत उरतात ते पारगावजवळच्या दत्तात्रयनगरचा भीमाशंकर सहकारी साखर कारखाना, दूधसंस्था, पतसंस्था आणि खाजगी उद्योग. कारखान्याचा बोनस वर्तमानपत्रात छापून येतो. पतसंस्थेचा बोनस संचालक मंडळाच्या खोलीत ठरतो आणि तेथेच विसरला जातो.

हा हक्क मुंबईच्या गिरण्यांत जन्मला. पहिल्या महायुद्धात महागाई भडकल्यावर १९१७ मध्ये गिरणीमालकांनी वेतनाच्या दहा टक्के ‘युद्ध बोनस’ दिला. पुढे बोनस दरवर्षी मिळू लागला. १९२३ सालचा बोनस नाकारला गेला, तेव्हा १९२४ च्या आरंभी गिरण्या बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने कामगारांना असा कायदेशीर हक्क नाही, असा निष्कर्ष काढला. १९५० मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणाने, याच मुंबईतील गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात, नफ्यातून घसारा, पुनर्वसन आणि भांडवलावरील परतावा वजा करून उरलेल्यात कामगारांचा वाटा मान्य केला. १९६१ मध्ये एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि त्यातून १९६५ चा कायदा आला. आरंभी किमान दर ४ टक्के होता, तो १९७२ मध्ये ८.३३ टक्के झाला. आणीबाणीत १९७५ साली अध्यादेशाने तो पुन्हा चारवर आणला गेला आणि १९७७ मध्ये पूर्ववत झाला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा भाग, एका महिन्याचा पगार. दिवाळीच्या सुमारास व्हॉट्सअॅपवर फिरणारी ‘इंग्रजांनी बुडवलेल्या तेराव्या पगाराची’ गोष्ट या इतिहासात कुठेच बसत नाही.

कायदा लागू होतो की नाही, हे माणसे मोजूनच ठरते, आणि लहान संस्थेत सर्वाधिक खटपट याच मोजणीवर होते. हिशेबी वर्षातील कोणत्याही एका दिवशी वीस माणसे कामावर असली तरी पुरे. लेखकाच्या संस्थेत कायम सेवक, वसुली अधिकारी, शिपाई आणि रात्रीचा पहारेकरी मिळून संख्या विसाच्या आत राहत असे. बाजारपेठेत फिरून दैनंदिन ठेव गोळा करणारे पिग्मी एजंट धरले की ती वर जाई. अध्यक्षांनी सभेत विचारलेला प्रश्न अगदी सरळ होता: “भाऊसाहेब, एजंट धरले तर वीस होतात. न धरता किती होतात तेवढं सांगा.” सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात अशा ठेव गोळा करणाऱ्यांना औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार मानले आणि त्यांचे कमिशन हे वेतनच असल्याचे म्हटले. बोनस कायद्याच्या वेतनाच्या व्याख्येतून मात्र कमिशन स्पष्टपणे वगळलेले होते. म्हणजे एजंटाला कामगार मानले तरी त्याचा बोनस कशावर काढायचा हा वाद उरतो. पण त्यासाठी त्याला मोजायचेच नाही हे सोयीचे गणित आहे, कायद्याचे नव्हे. संस्थेने अखेर एका जुन्या वर्षाचा हजेरीपट पाहिला. त्यात हंगामी लिपिक धरून कायम पटच विसावर गेलेला आढळला. एकदा कायदा लागू झाला की पुढे संख्या घटली तरी तो लागूच राहतो, असे १९६५ च्या कायद्यात स्पष्ट होते. एजंटांचा प्रश्न त्यामुळे बाजूला पडला.

बोनसला पात्र होण्यासाठी वर्षात किमान तीस दिवस काम केलेले असावे लागते. १९६५ च्या कायद्यात, १ एप्रिल २०१४ पासून, मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेला कर्मचारी पात्र होता. संहितेत हा आकडा लिहिलेला नाही, तो सरकारने अधिसूचनेने ठरवायचा आहे. तीस दिवसांची अट साखर कारखान्याच्या हंगामी कामगाराला फार मोलाची आहे, कारण एका गाळप हंगामात ती सहज पूर्ण होते. उसाच्या फडात राबणाऱ्या ऊसतोड मजुराला तिचा उपयोग नाही. तो मुकादमाच्या टोळीत असतो आणि बोनसच्या यादीत त्याचे नाव नसते. भरपगारी रजा, कामावरील अपघातामुळे आलेली तात्पुरती असमर्थता आणि भरपगारी प्रसूती रजा हे दिवस कामाचेच दिवस धरायचे असतात. पतसंस्थेतील एका महिला लिपिकाचे प्रसूती रजेचे दिवस पगारपत्रकातून बोनसच्या तक्त्यात उतरवताना गाळले गेले होते. १९६५ च्या कायद्याचे कलम १४ दाखवल्यावर ते परत आले. कोणी वाद घातला नाही. ते कलम आधी कोणी वाचलेलेच नव्हते.

खरी गोम वेतनाच्या आकड्यात असते. १९६५ च्या कायद्यात बोनससाठी वेतन म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. घरभाडे, जादा कामाचा मोबदला, प्रवासभत्ता त्यात येत नसत. शिवाय वेतन सात हजारांहून कितीही जास्त असो, हिशेब दरमहा ७,००० रुपये धरून करायचा असे, किंवा त्या उद्योगाचे किमान वेतन त्याहून जास्त असेल तर त्यावर. २०१५ च्या दुरुस्तीने आलेला हा ‘किंवा’ बहुतेक तक्त्यांतून गायब असतो. समजा, लागू असलेले किमान वेतन दरमहा १२,००० रुपये आहे. सात हजारांवर ८.३३ टक्क्यांनी वर्षाचा बोनस ६,९९७ रुपये होतो; बारा हजारांवर तो ११,९९५ रुपये होतो. माणशी सुमारे पाच हजारांचा हा फरक. महाराष्ट्रात किमान वेतनातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून तक्ता दोन टप्प्यांत मांडावा लागतो. लेखकाने दोन्ही तक्ते सभेपुढे ठेवले. मंजूर झाला तो सात हजारांचा. पुढे काही सेवकांनी एकत्र सही करून अर्ज दिला, तेव्हा ‘मागील फरक’ या नावाने उरलेली रक्कम वाटली गेली.

किमान दरापेक्षा अधिक बोनस नफ्यावर अवलंबून असतो. १९६५ च्या कायद्यानुसार सहकारी संस्थेच्या नफ्यातून घसारा आणि प्रत्यक्ष कर वजा होत, गुंतवलेल्या भांडवलावर साडेआठ टक्के परतावा वजा होई, आणि राखीव निधीत वर्ग केलेली रक्कमही वजा होई. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ६६ प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा भाग या निधीत न्यावा लागतो. त्या बोनस कायद्यात उरलेल्या वाढाव्याच्या ६० टक्क्यांतून बोनस वाटायचा असे. हा वाटा वीस टक्क्यांच्या बोनसहून जास्त निघाला तर शिल्लक, आणि किमान बोनसलाही पुरला नाही तर तूट, पुढे चार वर्षांपर्यंत ओढली जाते. बहुतेक लहान संस्थांत हा तक्ता केलाच जात नाही, ८.३३ वरच थांबले जाते. चांगल्या नफ्याच्या वर्षी यात सेवकांचे नुकसान असते, आणि ते सेवकाला कळण्याचा मार्ग म्हणजे ताळेबंद वाचता येणे.

‘पोरांना दिवाळी द्या’ हा सभेतला नेहमीचा शब्दप्रयोग. दिवाळी दिली म्हणजे एक पगार, मिठाईचा पुडा आणि उटण्याची पिशवी. रक्कम ‘सानुग्रह अनुदान’ म्हणून नोंदली की ती कृपेने दिलेली ठरते आणि पुढच्या वर्षी सहज बंद करता येते. दिवाळीपूर्वी उचल म्हणून दिलेली रक्कम किंवा प्रथेने दिलेला बोनस त्याच वर्षाच्या कायदेशीर बोनसमधून वळता करून घेता येतो, हे खरे आहे. मिठाईचा पुडा वळता करता येत नाही. अपहार, चोरी, हिंसक वर्तन किंवा मोडतोड यांसाठी बडतर्फ झालेला सेवक बोनसला मुकतो, आणि संहितेने या यादीत लैंगिक छळाबद्दलची दोषसिद्धी जोडली आहे. राजीनामा दिला म्हणून मात्र कोणी बोनसला मुकत नाही. सोडून गेलेल्यांची नावे यादीतून गाळण्याची पद्धत तालुक्यात सर्रास दिसते. तिला कसलाही आधार नाही.

दाद मागण्याच्या बाबतीत संहिता जुन्या कायद्यापेक्षा सेवकाच्या बाजूची आहे. पूर्वी वसुलीचा अर्ज एका वर्षात करावा लागे, आता तीन वर्षांची मुदत आहे. बोनस दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. कमी रक्कम दिल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि देय रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाईचा आदेश निघू शकतो. ठेकेदाराने बोनस थकवला तर ज्या आस्थापनेत काम केले तिच्या मालकावर जबाबदारी येते. रक्कम आता बँक खात्यात जमा करावी लागते, म्हणून कोऱ्या व्हाउचरवर सही घेण्याची जुनी रीत चालणार नाही. सेवकाने पगारपत्रकाची प्रत आणि हजेरीची नोंद स्वतःजवळ ठेवावी.

हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यायचा असतो. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या संस्थांसाठी २०२५-२६ च्या बोनसची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६ आहे.