शब्दाला हात न लावता

सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका साहित्याच्या अभ्यासकाने वाचावी असे कोणी म्हणत नाही. आम्हांला मात्र संहिता आणि तिचे दृश्यरूप यांच्या नात्याचा विचार करायला लावले ते अशाच एका पुस्तिकेने. मराठी ग्रंथांची शब्दसूची करणाऱ्या एका छोट्या प्रणालीची ती पुस्तिका. मजकूर आमचा, पाने रचली ‘स्फिंक्स’ने. पायथन भाषेच्या दस्तऐवजांसाठी घडलेले हे साधन २००८ साली प्रसिद्ध झाले. साधा मजकूर दिला की ते अनुक्रमणिका, सूची व दुवे यांसह पाने आपोआप सिद्ध करते.

पाने सुबक होती, पण रोमन लिपीच्या सवयीने. शीर्षकांत अक्षरांमधले अंतर वाढवल्याने शिरोरेखा तुटत होती. ओळी इतक्या दाट की वरचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडत. जोर देण्यासाठी तिरपी केलेली अक्षरे केवळ कललेली दिसत. बाजूच्या सूचीतले गटांचे मथळे मोठ्या लिपीमुळे उठून दिसावेत अशी योजना होती. देवनागरीत मोठी-लहान लिपीच नसल्याने तो भेद नाहीसा झाला.

यंत्राने रचलेल्या पानांत हाताने दुरुस्ती करणे व्यर्थ असते. पुढच्या रचनेत ती पुसली जाते. म्हणून आपले सीएसएस वेगळ्या फाइलीत ठेवून तिचे नाव स्फिंक्सच्या मांडणीत नोंदवायचे. ती मूळ थीमनंतर लागू होते, आणि नियम तुल्यबळ असतील तर नंतरचा ग्राह्य धरला जातो. ‘डॉक्सिजन’मध्येही अशीच सोय आहे. होकोन विउम ली यांनी १९९४ साली सीएसएसची कल्पना मांडली, तेव्हा पानाच्या रूपाबाबत लेखकाइतकेच वाचकालाही मत असावे हा विचार तिच्यात होता. आमचे दहा-बारा नियम त्या वाचकाच्या बाजूचे होते असे आम्ही मानतो.

परंतु याच साधनाची दुसरी बाजूही आहे. एका सहकाऱ्यांनी सुचवले, ‘ही आज्ञा आता वापरू नये’ अशा इशाऱ्यांच्या चौकटी पान विद्रूप करतात, त्या लपवा. काम एका ओळीचे होते. मजकूर पानाच्या पोटात राहिला असता, वाचकाला दिसला नसता. आणि ‘आम्ही एकही शब्द गाळला नाही’ असे म्हणायला आम्ही मोकळे! मात्र एखाद्या विद्यार्थ्याने जुनी आज्ञा वापरून केलेली शब्दगणना चुकीची निघाली असती. पाठ गाळणारा संपादक निदान तळटीप देतो. लपवणारा नियम वाचकाला काहीच कळू देत नाही.

चौकटी आम्ही राहू दिल्या. त्यांचा रंग सौम्य केला आणि ओळींतले अंतर वाढवले, इतकेच. संहितेला हात न लावताही संपादन होते. तेव्हा त्याची जबाबदारीही संपादकाचीच मानली पाहिजे.