जुन्या गाडीचा खर्ज
मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पुण्याच्या पेठांत ती अजून दिसते. स्पीकर मात्र केव्हाच खरखरू लागलेले असतात. कागदी शंकू पावसाळी ओलीने मऊ पडतो, कडेच्या फोमचा उन्हाने भुगा होतो. नव्यासाठी तपकीर गल्लीच्या बाजारात शिरण्याआधी जागेचा व्यास आणि खोली मोजावी. दारात खोली चुकली तर खाली येणारी काच चुंबकाला अडते. खोक्यावरचे शेकडो वॅट ही निव्वळ जाहिरात. पाहायचा तो आरएमएस आकडा आणि चार ओहम. एकच स्पीकर उलटा जोडला गेला, तर दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. शंका आल्यास तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा: शंकू बाहेर सरकला, तर सेलच्या धन टोकाची तार तीच धन.