बिनफिर्यादीचा गुन्हा

घरफोडी झाली तर घरधनी ठाण्यावर जातो, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एखादे नाव अनधिकाराने चढले तर भाऊबंद तलाठ्याच्या दफ्तरापासून दिवाणी न्यायालयापर्यंत सारे उंबरठे झिजवतात. पण औषधाच्या दुकानातून बनावट औषध घेऊन गेलेला मनुष्य कोठेही दाद मागावयास जात नाही, कारण आपली फसवणूक झाली आहे हे त्याला ठाऊकच नसते. तो बरा झाला तर डॉक्टराला आणि देवाला श्रेय देतो, बरा झाला नाही तर वयाला नि प्रारब्धाला बोल लावतो. आणि दगावलाच तर मृत्यूच्या दाखल्यावर रोगाचे नाव लिहिले जाते, औषधाचा तेथे उल्लेखही येत नाही. राज्याच्या औषध प्रशासनात निरीक्षक म्हणून माझी उमेदीची सारी वर्षे गेली. त्या काळात परवाने तपासले, पंचनामे केले, न्यायालयांच्या व्हरांड्यांतून ताटकळलो. पण बनावट औषधाचा मागमूस एखाद्या रुग्णाने स्वतः आणून दिला, असा प्रसंग मला एकच आठवतो, आणि तो आणून देणाऱ्यालाही आपण काय आणले आहे याची कल्पना नव्हती.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या औषधाने रुग्ण दगावले, त्या प्रकरणानंतर आमचे खाते अजून सावरावयाचे होते, त्या सुमाराची ही गोष्ट. माझ्या क्षेत्रात इचलकरंजी होती. यंत्रमागांच्या त्या गावात सुताच्या उडत्या तंतूंनी भरलेल्या कोंदट खोल्यांतून राबणाऱ्या कामगारांमध्ये क्षयरोग पुष्कळ आढळे, आणि तेथील एक वयोवृद्ध डॉक्टर त्या रोगाचे रुग्ण विशेष आस्थेने पाहत. त्यांच्याकडे उपचार घेणारा एक माग कामगार एके दिवशी हसतमुखाने आला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता लघवी एकदम साफ हुतीया बगा. लाल रंग पार गेला. रोग उतरला म्हनायचा. गोळ्या बंद करू काय?"

त्या हसऱ्या प्रश्नाने डॉक्टर चपापले. रिफाम्पिसिन नावाचे औषध पोटात गेले की काही तासांतच लघवी नारिंगी-लाल होते, क्वचित अश्रू आणि घामही रंगतात. रुग्ण घाबरू नये म्हणून प्रत्येक डॉक्टर ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या मनुष्याने पहिले दोन महिने दूरच्या दुकानातून आणलेले औषध घेतले होते आणि रंग यथास्थित येत होता. तिसऱ्या महिन्यापासून घराजवळच्या दुकानात तेच औषध काही रुपयांनी स्वस्त मिळू लागले म्हणून तो तेथे गेला, आणि रंग नाहीसा झाला. डॉक्टरांनी त्याच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावून आपल्या कपाटातील एक कॅप्सूल समोर बसवून गिळावयास लावली, आणि दुपारी त्याला पुन्हा बोलावले. रंग परत आला होता. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी मला पत्र लिहिले. त्यात त्यांनी कोणावरही आरोप केला नव्हता, केवळ ही हकीकत सुवाच्य अक्षरात नमूद करून उरलेली स्ट्रिप पाकिटात घातली होती.

या हकीकतीचे गांभीर्य ध्यानात येण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एके काळी क्षयाचा रुग्ण म्हटला की त्याला आमच्या भागातून मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात पाठवीत, आणि तेथे परिचारिकेच्या हातून, तिच्या डोळ्यांदेखत त्याला औषध मिळे. १९५६ साली मद्रासला जे क्षयरोग-चिकित्सा केंद्र स्थापन झाले, त्याच्या संशोधनाने असे सिद्ध केले की रुग्ण स्वतःच्या घरी राहून, आपल्या साध्या अन्नावर, केवळ औषधे नियमित घेऊनही आरोग्यधामाइतकाच बरा होऊ शकतो. गरिबाला वरदान ठरावा असाच हा शोध होता, आणि साऱ्या जगाने तो स्वीकारला. परंतु चिकित्सा घरी आली, तेव्हा आरोग्यधामातील परिचारिकेच्या जागी गल्लीतील दुकानदार उभा राहिला, आणि रोग्याचे जीवित त्याच्या फळीवरील मालाच्या खरेपणावर अवलंबून राहिले, याचा पुरेसा विचार कोणी केला होता असे मला वाटत नाही.

मी दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने नित्याच्या अदबीने खुर्ची पुढे केली. परवाना भिंतीवर टांगलेला, शीतकपाट चालू, फार्मासिस्ट कागदोपत्री हजर आणि प्रत्यक्षात "आत्ताच जेवायला गेला" असा. फळीवर त्या औषधाच्या स्ट्रिप होत्या. कायद्याप्रमाणे मी त्यांची किंमत देऊ केली, नमुन्याचे त्याच्यासमक्ष चार भाग करून मोहोरबंद केले. एक भाग त्याला, एक शासकीय विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी, आणि एक, दुकानदार ज्याच्याकडून माल घेतल्याचे सांगेल त्या पुरवठादारासाठी. उरलेला साठा विकू नये असा लेखी हुकूम दिला. असा हुकूम जास्तीत जास्त वीस दिवसांचा देता येतो, आणि प्रयोगशाळेचा अहवाल तेवढ्या अवधीत क्वचितच हाती पडत असे. म्हणून अखेरीस मी साठा जप्तच केला, तेव्हा दुकानदाराचा चेहरा प्रथम पालटला.

"साहेब, माल कंपनीचा आहे. तुम्हीच बघा, बॅच नंबर आहे, तारीख आहे, सगळं आहे."

होते खरे. लोकांचा असा समज असतो की बनावट माल पाहताक्षणी ओळखू येतो, अक्षरे पुसट असतात, नावात एखादी चूक असते. माझा अनुभव याच्या उलट आहे. त्या दिवशी अस्सल स्ट्रिप शेजारी ठेवून पाहिली तर बनावट स्ट्रिपचीच छपाई अधिक ठसठशीत होती, कारण अस्सल कारखानदाराला लक्षावधी स्ट्रिपा छापावयाच्या असतात आणि बनावटखोराला मोजक्याच. बॅच नंबर तर सर्वस्वी खरा होता. त्या क्रमांकाचा माल कंपनीने खरोखरच काढला होता, आणि तो क्रमांक तेवढा उचलून या खोट्या मालावर छापला गेला होता. कॅप्सूल उघडून आतले विटकरी चूर्ण मी पाण्यात टाकले, तर पाणी जवळजवळ निवळ राहिले आणि चूर्ण तळाशी बसले. हा काही न्यायालयात टिकणारा पुरावा नव्हे, पण मला पुरेसा होता.

"बिल दाखवा," मी म्हणालो.

बिल नव्हते. मुंबईहून एक मनुष्य येई, बॅगेत माल असे, स्कीम चांगली असे, रोख घेई आणि जाई. त्याचे आडनाव दुकानदाराला ठाऊक नव्हते. किंवा ठाऊक असूनही सांगावयाचे नव्हते. या ठिकाणी कायद्याने दुकानदारासाठी एक ढाल ठेवलेली आहे, हे बहुतेक दुकानदारांनाच माहीत नसते. परवानाधारक घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेतला असेल, वाजवी खबरदारी बाळगली असेल आणि माल जसाच्या तसा नीट ठेवला असेल, तर विक्रेत्याला १९४० चा कायदा संरक्षण देतो; आणि ते संरक्षण मागावयाचे तर खरेदीचे बिल पुढे ठेवावे लागते. स्कीमच्या मोहाने त्याने बिल सोडले, आणि त्याबरोबर आपली ढालही सोडली. तो दुष्ट मनुष्य होता असे मी म्हणणार नाही. मुलीचे लग्न नुकतेच झाले होते, उधारी थकलेली होती, समोरच्या दुकानाने सूट चालू केली होती. माल खोटा आहे की खरा, हा प्रश्न स्वतःला न विचारण्याची जी कला अशा वेळी माणसाला साधते, ती त्याला साधली होती, इतकेच.

विश्लेषकाचा अहवाल आला: रिफाम्पिसिन आढळले नाही, पिष्ट आणि लोहाचा रंग. म्हणजे विष नव्हते. दुकानदाराच्या वकिलाने पुढे न्यायालयात हाच मुद्दा मोठ्या आवेशाने मांडला की, या चूर्णाने कोणाच्या केसालाही धक्का लागला नसता. मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा होतो आणि मला डॉक्टरांनी समजावून दिलेली गोष्ट आठवत होती. क्षयाचे जंतू संख्येने अगणित असतात, आणि त्यांतले थोडे कोणत्याही एका औषधाला निसर्गतःच दाद देत नाहीत. म्हणून दोन किंवा अधिक औषधे एकत्र द्यावयाची, म्हणजे एकाच्या तावडीतून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. या रुग्णाच्या उत्तरार्धातील उपचारात औषधे दोनच होती. त्यांतले रिफाम्पिसिन माती निघाल्यावर आयसोनियाझिड एकटे पडले. आणि एकट्या पडलेल्या औषधाने दुबळे जंतू मारून चिवट तेवढे राखले असते, तर पुढे तो रोगी खऱ्या आयसोनियाझिडनेही बरा झाला नसता, आणि त्याच्या खोकल्यातून तेच चिवट जंतू घरातल्या लेकरांकडे गेले असते. खोटे औषध शेजारच्या खऱ्या औषधाचाही असा घात करते. हे सारे मी न्यायालयाला सांगू लागलो, तर "साक्षीदाराने विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे" अशी समज मला मिळाली.

विषाचे गुन्हे तुलनेने उघडकीस येतात. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रव्य मिसळलेले होते. एकाच रुग्णालयात, एकाच प्रकारे, पाठोपाठ माणसे जाऊ लागली म्हणून डॉक्टरांना संशय आला, चौकशी आयोग नेमला गेला, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांनी आपल्या अहवालात रुग्णालयाचेच नव्हे तर आमच्या खात्याचेही वाभाडे काढले. तो अहवाल आम्ही कनिष्ठ अधिकारी चोरून वाचावा तसा वाचला, आणि त्यातील कित्येक पाने वाचताना मान वर करवली नाही. परंतु त्याच वर्षी राज्यात किती जणांनी पिष्टाच्या कॅप्सूल खाल्ल्या आणि ते न्यूमोनियाने, विषमज्वराने वा क्षयाने गेले, याची चौकशी करण्यास कोणता आयोग नेमणार? तेथे प्रेत रोगाचे असते आणि रोगाला आरोपी करता येत नाही.

ज्या कंपनीच्या नावाने माल निघाला होता, तिचा प्रतिनिधी एकदा माझ्या कचेरीत आला. त्याने अस्सल स्ट्रिप आणली, फरक दाखवला, लेखी जबाबही दिला. आणि उठताना खालच्या आवाजात विनंती केली की वर्तमानपत्रात औषधाचे नाव येऊ नये, नाहीतर डॉक्टर आमचे औषधच लिहिणे बंद करतील. व्यापाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे समजण्याजोगे होते. रोग्याच्या दृष्टीने ते भयंकर होते. कारण ज्याला धोका आहे हे सर्वांत आधी कळते, त्याचेच हित ते गुप्त ठेवण्यात गुंतलेले असते.

खटला माझ्या बदलीनंतरही चालू राहिला. दुकानाचा परवाना निलंबित झाला. मुंबईचा मनुष्य सापडला नाही. माग कामगाराची थुंकी पुन्हा तपासून उपचार नव्याने सुरू झाले आणि तो बरा झाला असे डॉक्टरांनी कळविले, मात्र त्या काळात त्याची मजुरी किती बुडाली ते त्यांनी लिहिले नव्हते. मला अस्वस्थ करणारी बाब निराळीच होती. त्याच मालातल्या स्ट्रिपा आणखी ज्यांच्या घरी गेल्या, त्यांना शोधावे म्हणून मी विक्रीची पुस्तके चाळली, तर तेथेही बिले नव्हती. ना नाव, ना पत्ता, ना डॉक्टर. लघवीचा रंग पाहणारा आणि त्याबद्दल बोलणारा त्यांत दुसरा कोणी नव्हता.

२००३ साली डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने बनावट औषध करणाऱ्यास देहदंडाची शिफारस केली. २००८ च्या दुरुस्तीने, अशा औषधाने मृत्यू वा गंभीर इजा संभवत असेल तर किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आली. मला शिक्षेच्या कठोरतेचे वावडे नाही, पण गुन्हेगाराला धास्ती वाटते ती सापडण्याची. आणि त्याच समितीने निरीक्षकांच्या अपुऱ्या संख्येवरही बोट ठेवले होते, हे फाशीच्या चर्चेत कोणाच्या लक्षात राहिले नाही. अलीकडे, २०२३ च्या ऑगस्टपासून, जास्त खपाच्या ३०० औषधांवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले आहे. उत्तम झाले. मात्र जो बॅच नंबर उतरवून घेऊ शकतो, तो चौकटीतले ठिपकेही उतरवून घेऊ शकतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. याहून जुना एक अधिकार कायद्याच्या २६ व्या कलमात पडून आहे: कोणाही नागरिकाने विकत घेतलेले औषध ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घ्यावे. माझ्या साऱ्या नोकरीत त्या कलमाखालचा अर्ज माझ्या टेबलावर आला नाही.

निवृत्तीनंतर वसाहतीतले लोक कधी कधी स्ट्रिप घेऊन माझ्याकडे येतात. हे खरे आहे का हो, म्हणून विचारतात, आणि मी चष्मा लावून निर्णय द्यावा अशी त्यांची अपेक्षा असते. मी त्यांच्याकडे प्रथम बिल मागतो. परवा शेजारचे जोशीकाका रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आले होते. बिल मागताच ते थोडे चिडलेच.

"अहो, बिल कसलं? बिल नको म्हटलं की तो दहा टक्के जास्त सोडतो."