खाकी कव्हर

जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. भाचीच्या मुलीच्या वह्या घ्यायला गेले होते. दुकानदाराने खाकी कागदाची गुंडाळी सोडली, फर्रकन एक ताव फाडून हातात दिला आणि त्या कोरड्या, किंचित आंबट वासासरशी मी थेट मॉस्कोत जाऊन पोचले.

बाबा नौदलात. एम्बसीच्या संरक्षण विभागात नेमणूक झाली तेव्हा आईने जड सामानात पोहे-मेतकुटाबरोबर खाकी कागदाची अख्खी गुंडाळी भरली होती. नवल म्हणजे त्याच काळात पुण्यातली माझी आतेभावंडं पुस्तकांना ‘सोव्हिएत लँड’ या नियतकालिकाची गुळगुळीत रंगीत पानं चढवत होती. आम्ही मात्र मॉस्कोत बसून पुण्याचा कागद पुरवून पुरवून वापरत होतो.

आई कव्हर घालायची ते बघत राहावं असं. कागदाची कड नखाने दाबत न्यायची, पुस्तकाच्या पाठीशी वर-खाली लहानसा त्रिकोण कापून आत दुमडायची, मग रात्रभर पाटाखाली दाबून ठेवायची. दप्तर हीटरजवळ राहिलं की कागद वाळून नेमका त्या त्रिकोणापाशी तडकायचा. आतली पुस्तकं बहुतेक जुनी असत. दिल्लीहून नवा संच वेळेवर येईलच असं नसे, म्हणून जाणारं मूल आपली पुस्तकं येणाऱ्यासाठी ठेवून जाई. कव्हर काढलं की आधीच्या मुलांची नावं एकाखाली एक दिसत.

सहावीत माझ्या शेजारी बसणारी मुलगी ऐन जानेवारीत शाळा सोडून गेली. तिचं भूगोलाचं पुस्तक माझ्याकडे आलं. मान्सूनच्या धड्यापर्यंतची उत्तरं पेन्सिलीने लिहिलेली, पुढचं सगळं कोरं. नकाशात अरबी समुद्रावरून येणारा बाण तिने निळा रंगवला होता. बंगालच्या उपसागरावरचा राहून गेला होता. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ, आणि मी त्या न रंगवलेल्या बाणाकडे बघत बसायची.

आमची शाळा केंद्रीय विद्यालय. पुढे कधीतरी वाचनात आलं की या शाळा कुणा शिक्षणतज्ज्ञाच्या स्वप्नातून निघालेल्या नाहीत. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीतून निघाल्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनशी युद्ध पेटलेलं असताना, योजनेला मंजुरी मिळाली आणि १९६३-६४ मध्ये पलटणींच्या २० शाळा ताब्यात घेऊन सुरुवात झाली. पगाराचा विचार करताना बदलीवरच्या माणसाच्या मुलांचाही विचार ज्यांनी केला, त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. विशाखापट्टणमला अर्धा सोडलेला धडा मॉस्कोत त्याच पानावर पुढे सुरू व्हायचा. ही केवढी मोठी सोय आहे, हे ज्याची शाळा दर तीन वर्षांनी बदलते त्यालाच कळतं. पण धडा तुटू नये याची काळजी घेणाऱ्यांनी मैत्रीचं काय होतं याचा विचार केला नव्हता, हा माझा राग आजही गेलेला नाही. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायचं, ‘पालकांची बदली’. झालं. बाण का राहिला, याला त्यात जागा नाही.

१ सप्टेंबरला मॉस्कोतल्या रशियन शाळा उघडत. आमची तेव्हा सहामाही जवळ आलेली असे. बसच्या खिडकीतून दिसायचं: पांढरेशुभ्र एप्रन, डोक्यावर केवढाले पांढरे बो, हातात ग्लॅडिओलाचे गुच्छ. ही मुलं पहिलीत ज्यांच्याबरोबर बसली त्यांच्याबरोबरच बहुधा शेवटच्या वर्गापर्यंत जाणार. मला त्यांचा फार हेवा वाटे.

मग १९८८ चा उन्हाळा आला. सोव्हिएत सरकारने त्या वर्षी शाळांतली इतिहासाची अंतिम परीक्षाच रद्द केली. पाठ्यपुस्तकांत जे छापलं होतं त्यातलं बरंचसं खरं नव्हतं, हे तोवर उघड बोललं जाऊ लागलं होतं. आमच्या शाळेत मुलांचे कोट सांभाळणाऱ्या आजी होत्या. त्यांचा नातू त्या वर्षी शाळेतून बाहेर पडत होता. परीक्षा टळली म्हणून तो खूश. आजींचा चेहरा मात्र उतरलेला. आईला थोडंफार रशियन येत होतं. आजी तिला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, ‘मग इतकी वर्षं मी रोज संध्याकाळी त्याच्याकडून पाठ करून घेतलं, ते काय होतं?’ आईने त्यांचा हात धरला. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा ती गप्प राहिली, आणि मला वाटतं तिने बरोबर केलं.

शाळेतल्या त्या मैत्रिणीला मी खूप शोधलं. लग्नानंतर आडनाव बदललं असणार; कुठल्या कॅन्टोन्मेंटात, कुठल्या देशात असेल, पत्ता लागत नाही. आणि तिचा विचार करता करता हल्ली त्या आजींचा नातूच आठवतो, ज्याच्याशी मी कधी बोललेही नाही. तो आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. त्या उन्हाळ्यानंतर तीन वर्षांनी त्याचा देशच राहिला नाही. त्याच्या मुलांना शाळेत कोणतं पुस्तक मिळालं, आणि संध्याकाळी शेजारी बसून त्याने ते त्यांच्याकडून पाठ करून घेतलं का, हे मला विचारायचं आहे.