सांग्रोकाठचा सातारा

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, ओर्तोना आणि वास्तो या दोन गावांच्या दरम्यान, समुद्रात लाकडी खांब रोवून उभारलेल्या खोपी दिसतात. काठावरून तिथवर जायला फळ्यांची अरुंद वाट, खोपीपुढे पाण्यावर झुकलेले लांबच लांब वासे आणि वाशांना ताणून बांधलेलं एक भलंमोठं जाळं. रहाट फिरवला की जाळं पाण्यात उतरतं, उलटा फिरवला की मासळीसकट वर येतं. याला त्राबोक्को म्हणतात, आणि या सगळ्या पट्टीला त्राबोक्कींचा किनारा. शाळूच्या रानात पाखरं राखायला आमच्याकडे जो माळा घालतात, तोच कुणी उचलून पाण्यात नेऊन ठेवल्यासारखा मला तो वाटला. आब्रुत्सो प्रांतातली ही माणसं मुळातली शेतकरी. उतरणीला द्राक्ष आणि ऑलिव्ह, खाली लगेच पाणी. होडी घेऊन खोल दर्यात जायची त्यांना सवय नव्हती, मासळी मात्र हवी होती. मग रानातल्या लाकडांच्या आधारानं ती समुद्रात थोडी आत सरकली आणि तिथंच थांबली. इटलीचा मोठा लेखक दान्नुन्झिओ याच प्रांतातला, पेस्काराचा. 1889 साली तो सान व्हीतोच्या कड्यावरच्या घरात राहिला आणि पाच वर्षांनी आलेल्या कादंबरीत त्यानं या जाळ्याच्या खोपींचं वर्णन केलं. 

समुद्राशी असा अर्धामुर्धा संबंध ठेवणारी माणसं मला ओळखीची वाटतात. आमच्या कडेगाव तालुक्याला समुद्र नाही. येरळा वर्षातला मोठा काळ वाळूतच असते. सोनहिऱ्याचा ओढा, सागरेश्वराचे डोंगर, कडेपूरची डोंगराई ही आमची भूमी. ताकारी योजनेनं कृष्णेचं पाणी वर चढवलं तेव्हा कुठं ऊस आला, द्राक्षं आली. त्याआधी पोट भरायला बाहेर पडावं लागे. कुणी सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात पार केरळ-बंगालपर्यंत गेला, कुणी गिरणीत गेला, आणि ज्याची छाती-उंची बसली तो पलटणीत गेला. जुन्या पेन्शनरांच्या बोलण्यात ‘इटाली’ यायची ती अशी. आम्हाला तो परदेश वाटायचाच नाही. बेळगावच्या पलीकडचा कुठला तरी मुलूख असावा, इतक्या सहज ते त्याचं नाव घेत.

त्राबोक्कींच्या किनाऱ्यावर उभं राहून मागं वळून पाहिलं, तर माइएल्ला डोंगर दिसतो. वसंतातही त्याच्या माथ्यावर बर्फ असतो. त्याचं सर्वांत उंच शिखर 2793 मीटरचं. या डोंगरावरून आणि त्याच्या मागच्या लाक्विलाच्या पठारावरून शेकडो वर्षं मेंढरांचे कळप थंडीच्या तोंडाला खाली उतरत, समुद्राच्या कडेकडेनं दक्षिणेला पुलियाच्या मैदानात जात आणि मे महिन्यात परत फिरत. त्यांच्या वाटेला त्रातूरो म्हणतात. ही वाट म्हणजे पायवाट नव्हे. तिची ठरलेली रुंदी होती 111 मीटर. लाक्विला ते फोज्जा ही सर्वांत मोठी वाट सुमारे 244 किलोमीटरची, आणि तिचा बराचसा भाग याच किनाऱ्यानं जातो. 1447 साली नेपल्सच्या राजानं, आरागॉनच्या आल्फोन्सोनं, या मेंढरांवरच्या कराचं एक खातंच उभं केलं. मेंढपाळांनी ठरल्या वाटेनं यायचं, ठरल्या गायरानात बसायचं, डोक्यामागं कर भरायचा. त्या बदल्यात वाटेत कुठल्या जमीनदारानं त्यांना अडवायचं नाही. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ त्या राज्याच्या तिजोरीत लोकरीचा पैसा येत राहिला. नेपोलियनच्या भावाच्या अमदानीत, 1806 साली, हे खातं बंद झालं आणि पुढं हळूहळू वाटांवर नांगर फिरला.

हे वाचताना मला दुसरंच चित्र दिसत होतं. आमच्या शेजारच्या माणदेशातले धनगर दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, लेकरंबाळं असा सगळा वाडा घेऊन निघतात, आणि त्यातले कितीतरी घाट उतरून कोकणात जातात. रात्री शेतात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत शेताला, त्याबद्दल शेतकऱ्यानं धान्य द्यायचं. पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा घाट चढायचा. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त जी माणसं कायमची करून ठेवली, ती ही. युनेस्कोनं 2019 साली इटली, ऑस्ट्रिया आणि ग्रीसमधल्या मेंढपाळांच्या या ऋतूगणिक स्थलांतराला मानवजातीच्या वारशाचा मान दिला. त्याचा मला आनंदच झाला. पण त्याच वेळी आपल्या धनगराला डांबरी रस्त्याच्या कडेनं, ट्रकच्या भोंग्यात, मेंढरं सांभाळत जाताना पाहिलं की जीव तुटतो. त्याच्या वाटेला 111 मीटर कुणी कधी मोजून दिले नाहीत.

आब्रुत्सोत अशी ओळखीची खूण पुन:पुन्हा भेटते. डोंगरातल्या कोकुल्लो गावात 1 मेला संत दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत साप घालून मिरवणूक काढतात. साप बिनविषारी, त्याच भागातले. गावची माणसं ते आधीपासून धरून ठेवतात आणि सण झाला की धरले तिथं सोडतात. ख्रिस्ताच्याही आधी या डोंगरात मार्सी लोक आंजित्सिया नावाच्या सर्पदेवीला पूजत. आमच्या सांगली जिल्ह्यातच बत्तीस शिराळा आहे. तिथं नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक निघायची ती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबली. कोकुल्लोत प्राणिशास्त्रज्ञ सणातच सामील झाले. ते साप मोजतात, तपासतात, त्यांच्या नोंदी ठेवतात, आणि सण चालू आहे. नाग विषारी, तिथले साप बिनविषारी, हा फरक मोठा आहे हे खरं. तरी शिराळ्याच्या माणसानं एकदा कोकुल्लो पाहावं असं मला फार वाटतं.

आणि ओर्तोना. या बंदराच्या देवळात प्रेषित थॉमसच्या अस्थी आहेत. हिंदुस्थानात ख्रिस्ताचा संदेश आणणारा, आणि परंपरेनुसार मद्रासजवळ मैलापूरला देह ठेवणारा तो हा थॉमस. त्याच्या अस्थी आधी एडेसाला गेल्या, मग खिओस बेटावर, आणि 1258 साली ओर्तोनाच्या दर्यावर्दी माणसांनी त्या तिथून आपल्या गावी आणल्या अशी श्रद्धा आहे. बंगालच्या उपसागराच्या काठावरून निघालेली हाडं एड्रिआटिकच्या काठावर विसावली. त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी हिंदुस्थानातून आणखी माणसं याच काठावर येणार होती.

सप्टेंबर 1943. इटलीनं शरणागती पत्करल्याचं 8 तारखेला जाहीर झालं आणि राजा व्हित्तोरिओ इमानुएले रातोरात रोम सोडून निघाला. तो जहाजावर चढला याच ओर्तोनाच्या धक्क्यावरून. राजा पळाला, जर्मन राहिले. त्याच महिन्यात आठवी हिंदी डिव्हिजन इटलीच्या टाचेशी, तारांतोला उतरली आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला चालू लागली. तिच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. ही 1768 साली उभी राहिलेली जुनी जंगी पलटण. सातारा हा या रेजिमेंटच्या भरतीचा खास जिल्हा, आणि तेव्हाचा सातारा म्हणजे आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे. कडेगाव खानापूर तालुक्यात होतं, खानापूर साताऱ्यात.

नोव्हेंबरात सांग्रो नदी आडवी आली. एरवी पात्रातून उतरून जाता येईल अशी ही नदी डोंगरातल्या पावसानं फुगली, इंजिनिअरांनी टाकलेले पूल वाहून गेले. पलीकडच्या कड्यावर जर्मनांची बचावफळी, सुरुंग पेरलेली रानं, दगडी घरांची ठाणी. महिनाअखेरीस हिंदी डिव्हिजननं कड्यावरचं मोझ्झाग्रोन्या गाव घेतलं. डिसेंबरभर पुढच्या एकेका ओहोळासाठी, एकेका वाडीसाठी लढाई चालली. ओर्तोनात कॅनडाच्या फौजा 20 ते 28 डिसेंबर घराघरांतून लढल्या आणि नाताळच्या त्या आठवड्यात थॉमसचं देऊळ अर्धं ढासळलेलं होतं. ज्यानं उघड्या माळावरची आपली थंडी तेवढी पाहिली होती त्या मुलानं तो हिवाळा चिखलाच्या खंदकात काढला. पुढं वसंतात डिव्हिजन कासिनोकडे गेली, मग पुन्हा उत्तरेला. 9 एप्रिल 1945 रोजी, लढाई संपायला महिनाही उरला नसताना, सेनिओ नदीच्या बांधावर याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांतून अलीकडे आणलं, एकट्यानं तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर उभं राहून शिवरायांचा जयजयकार करत मागच्यांना हाक दिली. ते नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठा रेजिमेंटचे दुसरे व्हिक्टोरिया क्रॉसवाले, माणगावकडचे यशवंत घाडगे, आदल्या वर्षी 10 जुलैला तिबेर नदीच्या खोऱ्यात पडले होते. मोंतोने गावानं 2023 साली त्यांचं स्मारक उभं केलं.

इथवरची गोष्ट पलटणीच्या इतिहासात मिळते. मला जी सांगायची आहे ती या गोष्टीच्या शेजारी उभी आहे.

हे सगळं चालू होतं तेव्हा गावाकडे काय होतं? 7 जून 1943 ला, म्हणजे आठवी डिव्हिजन इटलीत उतरण्याच्या तीनच महिने आधी, प्रतिसरकारच्या तूफान सेनेच्या पोरांनी शेणोलीजवळ इंग्रज सरकारचा पगार नेणारी रेल्वे अडवून लुटली. कुंडल हे त्यांचं घर. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार त्या डोंगरपट्ट्यात न्याय देत होतं, सावकाराला वठणीवर आणत होतं, हुंड्याशिवायची लग्नं लावत होतं. नानांची लेक हौसाताई डाक बंगले जाळणाऱ्या टोळ्यांत होती. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण भूमिगत राहून तुरुंगात गेले. एकाच शिवारातला एक मुलगा इंग्रजांच्या गणवेशात सांग्रो ओलांडत होता आणि दुसरा इंग्रजांच्या पोलिसांना चुकवत उसात झोपत होता. दोघांनाही घरातून भाकरी बांधून दिलेली. शिपायाची मनिऑर्डर त्या घराला जगवत होती, आणि तीच आई रात्री दार वाजलं की तूफान सेनेच्या पोरांना वाढत होती.

याला विरोधाभास म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पलटणीतला मुलगा लाचार नव्हता आणि रानातला मुलगा वेडा नव्हता. दोघांच्याही पायाखाली तीच कोरडी जमीन होती. एकानं तिच्यासाठी पगार धरला, दुसऱ्यानं तिच्यासाठी राज्य नाकारलं. आपण दुसऱ्याची जयंती करतो ते योग्यच आहे, पण पहिल्याचं नावही ठेवलं नाही हे मला सलतं. पुढं 1962 साली संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतरावांच्या हाती त्याच पलटणी आल्या. इंग्रजांनी तुरुंगात टाकलेला देवराष्ट्र्याचा माणूस जंगी पलटणीचा मंत्री झाला, तेव्हा तरी गावानं हे दोन धागे एकत्र बांधायला हवे होते.

आब्रुत्सोच्या लोकांनी ते बांधले. 5 आणि 6 ऑक्टोबर 1943 ला लांचानो गावच्या तरुणांनी जर्मनांविरुद्ध हत्यारं उचलली आणि त्यातले अकरा मारले गेले. डिसेंबरात कासोली गावी एत्तोरे त्रोइलो या वकिलानं शेतकरी-मेंढपाळांची माइएल्ला ब्रिगेड उभारली. इंग्रज अधिकारी आधी त्यांच्या हाती बंदुका द्यायला तयार नव्हते. मेजर लायनेल विग्रमनं विश्वास टाकला, त्यांना बरोबर घेऊन लढला आणि फेब्रुवारी 1944 मध्ये पित्सोफेर्रातोला त्यांच्यातच मेला. पुढं या ब्रिगेडच्या निशाणाला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं. इटलीत डोंगरातल्या शेतकऱ्याला बंदूक देणारं आणि साताऱ्यात डोंगरातल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर इनाम लावणारं सरकार एकच होतं, हे मी कुंडलच्या रस्त्यानं जाताना दर वेळी मनाशी म्हणतो.

सांग्रोच्या दक्षिणेला, तोरिनो दि सांग्रोच्या टेकडीवर लष्करी स्मशानभूमी आहे. समोर नदीचं खोरं, एका बाजूला समुद्र, भोवती ऑलिव्हची झाडं. दोन हजारांहून अधिक थडगी. मुसलमान शिपाई दफन झाले. ज्या हिंदू-शीख शिपायांना अग्नी दिला त्यांच्यासाठी वेगळं स्मारक आहे आणि त्यावर पाचशेहून अधिक नावं आहेत. खालच्या किनाऱ्यावरची जुनी रेल्वे 2005 साली आत डोंगरात नेली. तिच्या जागी आता सायकलींची वाट आहे, आणि उन्हाळ्यात युरोपभरची माणसं त्या वाटेनं त्राबोक्कींवर जेवायला जातात. टेकडी तिथून फार लांब नाही. वर चढून जाणारे थोडे.

या नावांच्या नोंदी आता घरबसल्या पाहता येतात. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत अनेक हिंदी शिपायांपुढं बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो, सगळं इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. गावांची ती मोडकीतोडकी स्पेलिंगं लंडनचा माणूस ओळखू शकत नाही, रोमचाही नाही. ती ओळखायला वांगीचा, चिंचणीचा, नेर्लीचा माणूस लागेल, ज्याला आडनावावरून भावकी कळते आणि भावकीवरून वाडी. आमच्या तालुक्यातल्या एखाद्या हायस्कुलातल्या नववीच्या पोरांना एका उन्हाळ्यात होण्याजोगं हे काम आहे. शोधताना जिल्हा मात्र सांगली टाकायचा नाही, सातारा टाकायचा.