विश्रांतीचा पहारा

आपल्यासाठी कोणीतरी जागे आहे अशी मनाची खात्री पटल्याखेरीज गाढ विश्रांती लाभत नाही, असे माझे दृढ मत आहे. जुन्या गावगाड्यात या खात्रीचा रीतसर बंदोबस्त होता; रात्री जागल्या गस्त घाली आणि त्याची आरोळी कानी पडली की माणसे निर्धास्तपणे कूस बदलीत.

आमच्या मराठवाड्यात ही खात्री एका रात्रीत कोसळलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या गावांवर दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळली, सुमारे १०,००० जीव गेले, आणि मागे उरलेल्यांचा विश्वास छपरावरून, अंधारावरून, अखेर झोपेवरूनच उडाला. आज लातुरात शिकवणीसाठी दूरदूरच्या गावांहून येऊन राहिलेली मुले प्रवेशपरीक्षेच्या धास्तीने जागतात. कारण सर्वस्वी निराळे, परंतु शरीर अंथरुणावर आणि मन पहाऱ्यावर, ही अवस्था तीच.

योगनिद्रा या पहारेकऱ्याला रजा देते. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी तंत्रमार्गातील न्यासाच्या, म्हणजे एकेका अवयवावर मंत्र ठेवण्याच्या विधीच्या आधारे ही पद्धती सिद्ध केली आणि १९७६ साली ती ग्रंथरूपाने मांडली. साधक शवासनात पडून एक लहानसा संकल्प मनाशी धरतो. मग सांगणारा उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी, तळहात, मनगट अशा क्रमाने अवयवांची नावे घेत जातो, आणि ऐकणाऱ्याने त्या त्या ठिकाणी क्षणभर जाणीव नेऊन पुढे सरकावे, एवढेच त्याचे काम. श्वास, जडपणा व हलकेपणा, उष्ण व शीत, मग चित्रे, असा हा प्रवास चालतो; आणि तो आवाज आपल्या वतीने जागा असल्यामुळेच मनाला आपला ताबा सोडणे शक्य होते.

वाडग्यांचा नाद ऐकत पडून राहण्याच्या, अलीकडे रुजलेल्या नादस्नानाचे मर्मही हेच. तांबे व कथील यांपासून केलेल्या काशाच्या वाडग्यावर लाकडी दांडा फिरविला असता किंचित भिन्न कंपनसंख्येचे दोन स्वर एकाच वेळी निघतात, त्यामुळे नाद लाटेप्रमाणे चढतो-उतरतो, आणि चित्त त्याच्या मागोमाग निवत जाते. नांदेड-लातूरकडच्या गावांना हा अनुभव नवा नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस भुईवर टेकवीत नाहीत. पहाऱ्याच्या पाळीप्रमाणे ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि उत्तररात्री विणेकरी उभा असताना मंडपाच्या कडेला लेकुरवाळ्या बाया निःशंक निजलेल्या असतात. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे पहाटेचे कीर्तन ऐकत बसलेल्या थकल्या यात्रेकरूंच्या मुद्रेवरही तीच प्रसन्न शिथिलता मी पाहिली आहे.

योगनिद्रा हा औषधोपचार नव्हे. दीर्घकाळ झोप उडालेल्याने वा दुःखाने खचलेल्याने वैद्याकडे गेलेच पाहिजे. परंतु या साधनेला महागडी भांडी लागत नाहीत की आलिशान दालन लागत नाही. एक सतरंजी, अर्धा तास आणि एक विश्वासू आवाज पुरतो. म्हणून लातूर-नांदेडच्या वसतिगृहचालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की अभ्यासाच्या वेळापत्रकात रात्रीचा हा अर्धा तास त्यांनी मुलांच्या हक्काचा म्हणून नोंदवावा.