एनसीचं रजिस्टर आणि गावची गस्त

ग्रामीण पोलीस ठाण्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं रजिस्टर कोणतं, असं कुणी विचारलं तर मी एनसीचं सांगेन. अदखलपात्र तक्रारींचं. शिवीगाळ, दमदाटी, बांध कोरला, पाणंद अडवली, विहिरीवरची पाळी मोडली, असल्या नोंदी त्यात असतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 155 खाली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 खाली ही नोंद होते. तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणून तक्रारदाराला ‘कोर्टात दाद मागा’ अशी समज देऊन परत पाठवलं जातं. कागदावर विषय मिटतो. शेतात मिटत नाही.

ग्रामीण पोलीस दलात नोकरी करताना मी खुनाची जी प्रकरणं हाताळली, त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांची सुरुवात बांधावर झालेली होती. दर नांगरटीला एखादं तास बांधात जास्त जातं. काही वर्षांत बैलगाडी जाईल एवढा बांध माणूस तोल सावरत चालेल एवढा उरतो. मग बांधावरची बाभूळ कुणाची यावरून बोलाचाली होते. मोजणी येते, मोजणीची खूण रातोरात उपटली जाते, घरच्या बायका एकमेकींना बोलतात आणि दोन्हीकडचे लोक ठाण्यात येऊन एकमेकांविरुद्ध एनसी देतात. पुढच्या पेरणीला कुऱ्हाड निघते. खुनाच्या पंचनाम्यात जो गट नंबर लिहावा लागतो, तो एनसीच्या रजिस्टरात आधीच दोनदा लिहिलेला असतो.

म्हणून मी बीट अंमलदारांना एक काम नेमाने लावलं होतं. महिनाअखेरीस रजिस्टर काढायचं, एकाच गट नंबरची दुसरी नोंद दिसली की पेरणीआधी त्या शेतात जायचं. सोबत पोलीस पाटील हवा आणि जमलं तर तलाठीही. दोन्ही भावकीच्या म्हाताऱ्यांशी बांधावर उभं राहूनच बोलायचं. तिथं खोटं बोलणं अवघड जातं. तरीही पीळ सुटला नाही तर कलम 126 खाली, म्हणजे जुन्या 107 खाली, शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यायचं. गुन्हेगारी रोखण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

या सगळ्यात कळीचा माणूस पोलीस पाटील. वंशपरंपरागत पाटीलकी 1963 पासून संपली आणि आजचा पोलीस पाटील महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 खाली नेमला जातो. गावच्या शांततेला बाधा येईल अशा गोष्टींची माहिती ठाण्याला कळवणं हे त्याचं कायद्यानं ठरलेलं कर्तव्य आहे. 2024 मध्ये त्याचं मानधन 15 हजार रुपये झालं, ते योग्यच झालं. पण कित्येक गावांत हे पद रिकामं असतं आणि शेजारच्या गावचा पाटील अतिरिक्त भार सांभाळतो. ज्या माणसाची चूल त्या गावात पेटत नाही, त्याला तिथली कुजबुज कशी कळणार?

विद्युत मोटार आणि केबलची चोरी घ्या. शहरातल्या वाचकाला ती किरकोळ वाटेल. पण उन्हाळ्यात विहिरीवरची केबल कापली गेली आणि चार-आठ दिवस पाणी सुटलं नाही, तर भाजीपाल्याचा प्लॉट जातो. चोराला हवं असतं आतलं तांबं. ओढ्यात किंवा पडीक रानात वरचं प्लास्टिक जाळून तो तांबं मोकळं करतो. जळक्या रबरासारखा उग्र वास सुटतो आणि दुसऱ्या दिवशी वाळूवर चिकट काळा डाग राहतो. तो डाग शेळ्या राखणारा पोरगा सगळ्यांत आधी पाहतो. तो पोरगा पोलीस पाटलाला सांगतो की नाही, आणि पाटील फोन करतो तेव्हा बीट अंमलदार उचलतो की नाही, यावर तपास ठरतो. पुढचा दुवा भंगाराचं दुकान. तिथल्या खरेदीच्या नोंदी कुणी तपासत असेल तर चोरीचा माल खपत नाही, आणि माल खपला नाही की चोरी आपोआप आटते. मात्र शेतकरी फिर्याद द्यायला येतो तेव्हा त्याला दिवसभर बसवून ठेवलं, तर पुढच्या वेळी तो येत नाही. चोरांना हे पक्कं ठाऊक असतं.

आता गस्तीबद्दल. ग्रामसुरक्षा दल मला मनापासून हवं आहे. अंधाऱ्या पंधरवड्यात पोरांनी टॉर्च आणि शिट्ट्या घेऊन फेरी मारली की घरफोड्यांना आळा बसतो. पण ठाण्याशी न जोडलेली गस्त किती लवकर जमाव होते, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षुकांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं गेलं. 16 एप्रिल 2020 ला पालघरमधल्या गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा चालक गेले. त्याआधी त्या पट्ट्यात चोर आल्याच्या अफवांमुळे लोक रात्री जागत होते. 2024 च्या पावसाळ्यात बीड, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन दिसल्याची भीती पसरली आणि पुन्हा काठ्या बाहेर आल्या.

ही भीती खोटी नसते. तिला ठाण्याकडून उत्तर मिळत नाही तेव्हा मोबाइलवरचा मेसेज उत्तर देतो. म्हणून प्रत्येक गस्तीत कोण आहे याची यादी ठाण्यात हवी. अनोळखी माणूस दिसला तर त्याला हात न लावता बसवायचं, 112 ला आणि बीट अंमलदाराला कळवायचं, हे पोरांना पुन्हा पुन्हा सांगायला हवं. आणि अनोळखी म्हणून कुणाकडे बोट दाखवलं जातं, तेही पाहायला हवं. 1871 च्या कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की आजही पहिली झडती पालावरच होते. यात माझ्या खात्याचा दोष मोठा आहे. जो माणूस आपल्यालाच आरोपी करतील या भीतीनं पळतो, तो साक्षीदार कधीच होत नाही.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. बांधाचे, भावकीचे कितीतरी वाद त्या मोहिमेनं चावडीवर मिटवले, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण पुरस्काराची रक्कम डोळ्यांसमोर असली की बाईला झालेली मारहाण किंवा दलित वस्तीवरचा हल्लाही ‘मिटवून टाका’ म्हणणारे निघतात. त्या तक्रारी समितीपुढे जाताच कामा नयेत. त्यांची जागा ठाण्यातच आहे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्यांची घरं बंद होतात, दिवाळी उरकून पुण्या-मुंबईची माणसं परततात आणि गावात म्हातारी माणसं उरतात. गावाकडं गेलात तर परतण्यापूर्वी पोलीस पाटलाला भेटा. त्याचा आणि बीट अंमलदाराचा नंबर आईवडिलांच्या फोनमध्ये घाला, त्यांना एकदा लावूनही दाखवा. आणि गावाला पोलीस पाटीलच नसेल, तर पद भरण्याची मागणी ग्रामसभेत मांडून प्रांत कार्यालयात लेखी द्या. तिचा पाठपुरावाही करा.